टपावरची बरणी

मुंजाजीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. उन्हाळा सरत आला की त्याहूनही आधी. सेलूकडून येणारी पहिली गाडी देवगाव फाट्यावर लागायच्या आत त्याला गवताच्या चुंबळी वळून ठेवाव्या लागत. बायका घागरीखाली डोक्यावर चुंबळ घेतात तशीच ही, फक्त परातीएवढी आणि वाळल्या गवताची. तिच्यात लोणच्याची बरणी बसायची आणि मग ती बरणी एस.टी.च्या टपावर जायची.

त्या काळी फाट्यावर होतं तरी काय? चहाची दोन हॉटेलं, पंक्चर काढणारा एक सायकलवाला, एक जुना लिंब आणि लिंबाखाली मुंजाजी. एक रस्ता सेलूला, एक जिंतूरला, एक मंठ्याकडं. गाडी बदलायला माणसं इथं उतरत, सामान खाली घ्यायला आणि वर चढवायला मुंजाजीला हाक मारत. सत्तर सालाच्या अलीकडं-पलीकडं ज्यांनी त्या रस्त्यानं प्रवास केला, त्यांना गुडघ्यापर्यंतचं विटकं धोतर नेसलेला आणि खांद्यावर काथ्याची दोरी घेतलेला तो उंच माणूस आठवत असेल.

मृग तोंडावर आला की माहेराला आलेल्या लेकी सासरी परतू लागत. पेरणीच्या आत पोचायचं असे. प्रत्येकीबरोबर पत्र्याची पेटी, कुरडयांचा डबा, शेवयांचं गाठोडं आणि वर तपकिरी, खाली पांढरी अशी चिनी मातीची बरणी. बरणीच्या तोंडावर फडक्याचा दादरा घट्ट बांधलेला. सोबत आलेली आई लेकीकडं कमी आणि बरणीकडं जास्त बघायची.

"मुंजामामा, संभाळून हं. वर्षाचं हाय."

"बाई, लेक संभाळा तुमी. बरणी माझ्याकडं द्या."

बरणी चढवणं हे काम दिसतं तसं सोपं नाही. गाडीच्या मागं शिडी असते. आळशी हमाल सामान शिडीजवळच ठेवून मोकळा होतो. पण गाडी सगळ्यात जास्त उसळते ती मागं. मुंजाजी बरणी काखेत धरून टपावर मधोमध जायचा, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये. तिथं चुंबळ मांडायची, तीत बरणी बसवायची, दोरीचा एक फेर पोटाला, एक गळ्याला, आणि गाठ अशी की उतरवणाऱ्याला एका ओढीत सुटावी पण खड्ड्यात सुटू नये. मग ओलं पोतं भोवती गुंडाळायचं. मे-जूनच्या उन्हात टपाचा पत्रा तव्यासारखा तापतो. बरणी तापली की तेल वर चढतं आणि दादऱ्यातून बाहेर येतं. ओल्या पोत्यानं ते थांबतं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. एका बाईचं तेल पेटीवर सांडलेलं बघून तो स्वतःच शिकला होता. त्यानं चढवलेली बरणी कधी फुटली नाही, आणि हे तो स्वतः कधी सांगत नसे. फाट्यावरचे बाकीचे सांगत.

एकट्या पार्वतीबाईची बरणी तेवढी टपावर गेली नाही. फाट्याजवळच दत्तरावांचा मळा होता, त्यांची ही बायको. लेकीला जिंतूरला पोचवायला जाताना ती बरणी मांडीवर घेऊन खिडकीत बसायची. पेटी मुंजाजीनं चढवलेली चालायची, बरणी नाही. का, ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही. मुंजाजीच्या घरच्या भिंतीवर कुणाच्या तसबिरी आहेत हे तिला ठाऊक होतं आणि तिला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं. तो पेटी चढवायचा, हमाली घ्यायचा आणि पुढच्या माणसाकडं वळायचा.

त्याच्या स्वतःच्या घरातूनही दर साली एक बरणी जायची. लेक सुमन पालमला दिली होती. उन्हाळा संपता संपता ती आठ दिवस यायची, आणि जाताना तिची आई गीताबाई बरणी भरून द्यायची. त्यांच्या घरात एक रीत होती: लेकीनं आपली बरणी आपल्या हातानं भरायची नाही आणि शेजारणीच्या हातचीही न्यायची नाही. घरच्या हातचं असेल तरच ते माहेरचं.

एका वर्षी दिवाळीनंतर गीताबाई तापानं गेली. घरात हात उरला तो एकट्या मुंजाजीचा.

वैशाखात पालमची एक ओळखीची बाई गाडी बदलायला फाट्यावर उतरली. मुंजाजीनं तिची पेटी डोक्यावर घेतली तेव्हा ती सहज म्हणाली, "तुमची इहीण कडूबाई भेटली व्हती. म्हणाली, आता सुमनच्या माहेरची बरणी बंद झाली म्हणायची."

बोलण्यात वाईट काही नव्हतं. कडूबाई वाईट बाईही नव्हती. जे झालं तेच ती बोलली होती. मुंजाजी पेटी घेऊन टपावर चढला, पेटी बांधली आणि उगाच दुसऱ्याच्या सामानाच्या गाठी तपासत बसला. शेवटी कंडक्टरनं खालून टप वाजवला.

"मामा, येताव का जिंतूरला?"

तो खाली उतरला. बरणी बंद होऊ द्यायची नाही, हे त्यानं टपावरच ठरवलं होतं.

संध्याकाळी तो शेजारच्या चांगुणाबाईकडं गेला. ती मानवतला भावाच्या घरी लग्नाला निघाली होती, गाठोडं बांधत होती.

"वहिनी, लोणचं कसं घालायचं तेवढं सांगा."

"कोण घालणार?"

"मीच."

चांगुणाबाईनं गाठोडं सोडून दिलं आणि तोंडाला पदर लावला. "भावजी, तुमी?"

"का? मला हात न्हाईत का?"

"हायत हो. पण लोणचं काय उचलायचं असतं व्हय? घालायचं असतं ते."

"तुमी सांगा. मी घालतो."

तिनं सांगितलं. कैऱ्या कशा घ्यायच्या, कोयीसकट फोडी कशा करायच्या, मीठ-हळद, मोहरीची डाळ, मेथी, लसूण, तिखट. तेल गरम करून गार करायचं. तो मान डोलवत होता. ओझं डोक्यावर घेताना जसं एकदाच नीट बघून घ्यायचा, तसं त्यानं सगळं एकदाच ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई मानवतला गेली आणि मुंजाजी बाजारातून कैऱ्या घेऊन आला.

फोडी करायला त्याला अर्धा दिवस लागला. एकसारख्या झाल्या. वाकडी फोड दिसली की बाजूला काढायचा आणि ती कालवणात टाकून खायचा. गीताबाईची बरणी त्यानं घासली, पुसली, भरली. दादरा बांधला, त्याच्या त्या गाठीनं. मग घराकडं बघितलं. वर पत्रा. दुपारी घरात उभं राहवत नव्हतं. त्यानं टपावर करायचा तेच केलं. पोतं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि बरणीभोवती गुंडाळलं. सकाळी कामाला जाताना पाणी शिंपडायचा, संध्याकाळी परत आल्यावर शिंपडायचा. दादराही ओला करायचा. बरणीची एवढी निगा त्यानं जन्मात घेतली नव्हती.

पुढच्या आठवड्यात सुमन आली. फाट्यावर उतरली तेव्हा त्यानं तिची पिशवीसुद्धा तिला धरू दिली नाही.

"बा, पिशवीत दोन लुगडी हायत. हमाली किती घेशील?"

"पोटभर भाकर करून घाल. तीच हमाली."

तिला घरी सोडून तो परत फाट्यावर गेला. शेवटच्या गाडीचं सामान चढवून आला तेव्हा भाकरी झाल्या होत्या. तो जेवायला बसला. बरणी कोपऱ्यात होती तशीच. तिकडं न बघताच त्यानं विचारलं, "चाखलंस का?"

"चाखलं."

"मंग?"

"चांगलं झालंय, बा. आईच्या हातासारखंच."

त्यानं भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. त्या रात्री त्याला लगेच झोप लागली.

पहाटे तो पोत्यावर पाणी शिंपडायला वाकला आणि थांबला. दादऱ्याची गाठ त्याची नव्हती. त्याची गाठ दोन फेरांची, टोक आत दडलेलं. ही साधी, बायका लुगड्याला मारतात तशी. चाखायला उघडलं म्हणजे पुन्हा बांधावं लागणारच. पण बांधली होती फार घट्ट, पुन्हा कुणी उघडू नये अशी.

त्यानं ती उघडली. आत फोडी दिसत नव्हत्या. फाटक्या गोधडीतून कापूस निघावा तसा पांढरा बुरा सगळीकडं माजला होता. आंबूस वास आला.

सुमन जागी झाली होती. उठून बसली, पण जवळ आली नाही.

"ही गाठ माझी न्हाई, सुमे."

ती पांघरुणाची घडी घालू लागली.

"तू हे घिऊन जाणार व्हतीस?"

"जाणार व्हते. परभणीला गाडी बदलताना टाकून दिलं असतं."

"अन् घरी काय सांगितलं असतं?"

"बरणी फुटली म्हणून."

मुंजाजी हातातला दादरा घेऊन उभा राहिला. "मी टपावर बांधलेली बरणी फुटली? असं सांगणार व्हतीस?"

"मंग काय सांगू? माझ्या बानं बरणीत बुरा पेरला, हे सांगू?"

आधी सुमन हसली. मग तो हसला. मग तिनं डोळे पुसले आणि चूल पेटवायला गेली. चुलीच्या धुराची सबब दोघांनाही पुरली.

जावई चार दिवसांनी यायचा होता. बाजारात आता कच्च्या कैऱ्या नव्हत्या, सगळा माल पाडाला आलेला. पण टपावर चढणाऱ्या माणसाला खालच्यांना दिसत नाही ते दिसतं. दत्तरावांच्या मळ्यात विहिरीवर एक उशिरा येणारं आंब्याचं झाड होतं. रोज टपावरून त्याचा काळपट हिरवा शेंडा दिसायचा. त्या झाडाच्या कैऱ्या अजून टणक असणार. त्या दिवशी मुंजाजी फाट्यावर गेला नाही. थेट मळ्यात गेला.

पार्वतीबाई ओट्यावर डाळ पाखडत होती.

"मुंजा? आज गाडी सोडून इकडं कसा?"

"विहिरीवरल्या झाडाच्या कैऱ्या पायजे व्हत्या, बाई. लोणच्याला."

"घालणार कोण? घरात तर…" ती थांबली.

"मीच घातलं व्हतं. बुरा आला."

तिनं सूप खाली ठेवलं. "काय केलंस ते सांग बरं."

त्यानं सगळं सांगितलं. ओल्या पोत्यापाशी आला तेव्हा पार्वतीबाई हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, पाणी प्यावं लागलं.

"अरे, गाडीवर तासाभराचा प्रवास. तितकंच ते. घरात आठ दिवस ओलं पोतं? लोणच्याला पाण्याचं बोट लागलं की संपलं. बाहेरचा गारवा दिलास अन् आतलं घालवलंस."

"बरणी मला बाहेरूनच म्हाईत, बाई. आत काय असतं ते कधी बघितलं न्हाई."

ह्यावर ती हसली नाही. सूप पुन्हा हातात घेतलं. "तेल किती घातलंस?"

"फोडी भिजतील तेवढं."

"भिजून भागत न्हाई. बुडाल्या पायजेत. चार बोटं तेल वर उभं राहिलं पायजे. यंदा तेलाला हात लावू देईनात तेली, ते मला ठावं हाय. पण तेलात हात आखडला की लोणचं न्हाई जमत." मग म्हणाली, "जा, उतरून घे कैऱ्या. लागतील तेवढ्या ने."

"फुकट नको. काम सांगा."

"कैऱ्यांचं काय काम सांगू तुला?"

"कडबा बाहेरच पडलाय तुमचा. मृग आलाय जवळ."

खरंच होतं. सालगडी आजारी, कडब्याच्या पेंढ्या खळ्यात तशाच. पार्वतीबाईनं खळ्याकडं बघून मान हलवली. मुंजाजीनं सकाळपासून दिवस मावळेपर्यंत कडबा रचला. गंजी अशी रचली की पेंढ्यांची बुडं बाहेर, शेंडे आत, आणि माथा निमुळता. खाली लाकडं घातली, ओल लागू नये म्हणून. मधे एकदा दत्तराव येऊन गेले, गंजीभोवती फिरले आणि खोट न काढता गेले. काम नीट आहे ह्याची तीच पावती.

संध्याकाळी त्यानं कैऱ्या उतरवल्या. वजन जोखावं तशी एकेक हातात घेऊन बघितली, मऊ लागली ती ठेवून दिली. पार्वतीबाईनं ओट्यावरून मूठभर मोहरीची डाळ त्याच्या फडक्यात सोडली, वरून, हात लागू न देता.

"ही माझ्याकडची. हिचा कडूपणा जास्त असतो, म्हणून टिकतं. हिचंबी काम सांगू का?"

"सांगा."

"लेकीला सांग, पार्वतीकाकूनं इचारलं म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाड्यांचं सामान चढवून तो सेलूला गेला, तेलघाण्यावर.

त्या उन्हाळ्याची हमाली त्यानं फडक्यात बांधून ठेवली होती. धोतर मांडीवर विरलं होतं, त्याला टाके घालून घालून टाक्यांनाच टाके पडले होते. वहाणांचे तळ गेलेले, टपाचा पत्रा तळपायाला लागायचा. मृगाच्या आत नवं धोतर आणि वहाणा घ्यायच्या, असं त्यानं गीताबाई असतानाच ठरवलं होतं. घाण्यावर त्यानं पितळी कासंडी पुढं केली.

"किती?" तेली म्हणाला.

"भरून."

"भरून? लग्न हाय का घरात?"

"बरणी हाय."

तेल घेऊन तो घरी आला. सुमन दारात बसली, हात मांडीवर ठेवून. रीत मोडायची नव्हती, पण बोलायला रीत आड येत नव्हती.

"बा, हात पुसलास का?"

"पुसला."

"परत पूस. बोटाच्या बेचक्यात ओल हाय."

"तुझी आई तरी इतकं बोलत नव्हती."

"आईला पाणी कुठलं अन् तेल कुठलं ते कळत व्हतं."

फोडी पुसून, मीठ-हळद लावून ठेवल्या, दुसऱ्या दिवशी मसाला घातला. बरणी उन्हात वाळवली होती, आतून पुसून पुन्हा वाळवली. तेल गरम केलं. गार व्हायला वेळ लागत होता. दोघं बाप-लेक कढईपाशी बसून राहिली. बाहेर ढग जमत होते आणि विरत होते. शेजारी कुणी रचलेल्या गोवऱ्यांचा उडवा लिंपत होतं. कुणाच्या अंगणात शेवटच्या कुरडया वाळत होत्या. त्यांच्यावर राखण करणारी म्हातारी मधूनमधून कोंबड्यांना शिव्या देत होती. सुमन म्हणाली, "आई ह्या वक्ताला गाणं म्हणायची."

"कुठलं?"

"ध्यानात न्हाई. तुला हाय का?"

त्याला आठवलं नाही. तो ह्या वेळेला नेहमी फाट्यावर असायचा.

तेल ओतलं. फोडी दिसेनाशा झाल्या. त्यानं अजून ओतलं. चार बोटं मोजली आणि मग दादरा बांधला. कोरडा. आपल्या गाठीनं.

चांगुणाबाई मानवतहून परत आली ती थेट बरणी बघायलाच. दादऱ्यावरून वास घेतला. "भावजी, जमलं की."

"पहिलं फेकून दिलं."

"ते मला सुमननं सांगितलं. सगळ्या गल्लीला सांगितलं तिनं."

जावई लिंबाजी ठरल्या दिवशी आला. सकाळी तिघं फाट्यावर गेली. जिंतूरमार्गे परभणीला जाणारी गाडी आली, गर्दी होती. लिंबाजी म्हणाला, "मामा, बरणी मांडीवर घेतो मी."

"टपावर जाईल."

"पण मामा, परभणीला पुन्हा पालमची गाडी…"

"टपावर जाईल, जावाई. तिकडच्या हमालाला सांगा, एका ओढीत गाठ सुटते."

सुमन लिंबाजीकडं बघून हसली. मुंजाजी बरणी काखेत घेऊन शिडी चढला. शिडीजवळ जागा मोकळी होती. तो मधोमध गेला. चुंबळ पहाटेच वळून ठेवली होती, सगळ्यांत जाड. बरणी बसवली, दोन फेर दिले, गाठ मारली, ओढून बघितली. ओलं पोतं गुंडाळलं ते खालच्या पोटाला, दादऱ्यापर्यंत नाही. आता त्याला माहीत झालं होतं.

खाली पार्वतीबाई लेकीला घेऊन त्याच गाडीत बसली होती. खिडकीतून बरणीचा तपकिरी गळा दिसत होता, तिच्या मांडीवर. मुंजाजी शिडी उतरताना तिनं बघितलं.

"बुडाल्या का रे फोडी?"

"बुडाल्या, बाई."

गाडी सुटली. सुमननं हात बाहेर काढला आणि आत घेतला. त्यानं मात्र खिडकीकडं बघितलं नाही. टपाकडं बघत राहिला, वळणावर गाडी लिंबाआड जाईपर्यंत. बरणी हलली नाही.

चांगुणाबाईनं संध्याकाळी विचारलं, "भावजी, नवं धोतर घ्यायचं व्हतं ना तुमाला ह्या साली?"

"पुढल्या साली."

त्यानं जुनंच धोतर उलटं करून नेसलं, टाके आत गेले. वहाणांना सायकलवाल्याकडून टायरचे तळ ठोकून घेतले. पावसाळाभर त्याच टायरच्या तळांनी तो टपावर चढत-उतरत राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात सुमन आली ती रिकामी बरणी घेऊन. कडूबाईनं धुऊन, वाळवून पाठवली होती. लोणचं केव्हाच संपलं होतं, पण वरचं तेल तिनं टाकलं नव्हतं. ते वेगळं काढून ठेवलं होतं, आणि हिवाळाभर वरणाला त्याचीच फोडणी दिली होती. वर सांगून पाठवलं होतं, "मुंजाजीला म्हणावं, बरणी वेळेवर भरून दे."

आदल्या उन्हाळ्याची सगळी हमाली गेली होती ती त्या तेलात.